लोंबीला आशीर्वाद, बांधाचं काय?

दरवर्षी 5 ऑगस्टला गोव्याच्या सासष्टीतल्या राय गावात कोणसाचं फेस्त होतं. मिरवणूक शेताकडे जाते, पाद्री नव्या भाताच्या लोंब्या कापतो, त्यांना आशीर्वाद देतो आणि त्या लोंब्या घरोघरी क्रुसापाशी जाऊन विसावतात. ताळगावात हाच सण 21 ऑगस्टला असतो. गोव्यातल्या हिंदू घरांत गणेश चवथीच्या दुसऱ्या दिवशी नव्याची पंचम येते, तेव्हाही अशाच लोंब्या घरात येतात. शेत तेच, पीक तेच, धर्म दोन. एवढी जिवंत परंपरा हाताशी असताना गोव्यातल्या चर्चचा पर्यावरणविचार मात्र बहुतेक वेळा 5 जूनच्या रोपवाटपापाशी येऊन थांबतो, ही लोंबी राखणाऱ्या शेताच्या बांधापर्यंत पोचत नाही. हे मला पटत नाही, आणि ते का पटत नाही याची कारणं पर्यावरणशास्त्राच्या आधी ख्रिस्ती धर्मशास्त्रातच सापडतात.

या विषयावरची चर्चा बहुधा लिन व्हाइटपासून सुरू होते. या अमेरिकन इतिहासकाराने 10 मार्च 1967 च्या ‘सायन्स’मधल्या लेखात असा आरोप केला, की माणसाला सृष्टीचा मालक ठरवणारा पाश्चात्त्य ख्रिस्ती विचार आजच्या पर्यावरण संकटाच्या मुळाशी आहे. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायातलं ‘पृथ्वी सत्तेखाली आणा’ हे वाक्य त्यासाठी पुरतं. व्हाइट अर्धा बरोबर होता. त्या वाक्याचा तसा वापर झाला, वसाहतींच्या काळात तर सर्रास झाला. पण शास्त्र तेवढ्या एका वाक्याचं नाही. लेवीयच्या 25व्या अध्यायात देव सांगतो, की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आणि कुळं म्हणून राहता; दर सातव्या वर्षी तिला विसावा द्या. वेढा घातलेल्या शत्रूच्या नगराबाहेरची फळझाडंसुद्धा तोडू नका, असं ‘अनुवाद’ या बायबलमधल्याच पुस्तकाचा 20वा अध्याय बजावतो. आणि ईयोबाच्या 38व्या अध्यायात, जिथे माणूस राहतच नाही अशा ओसाड रानावर देव पाऊस पाडतो. सृष्टी फक्त माणसासाठी असती तर तो पाऊस वाया गेला म्हणावं लागेल. व्हाइट स्वतः चर्चमधला माणूस होता, हे त्याच्या टीकाकारांना बऱ्याचदा आठवत नाही. त्याच लेखात त्याने असिसीच्या फ्रान्सिसला पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता संत मानावं असं सुचवलं होतं. 1979 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ते अधिकृतपणे जाहीर केलं.

पण या वचनांच्या देवाणघेवाणीत खरा मुद्दा मागे पडतो. ख्रिस्ती धर्माने जडाबद्दलची, म्हणजे भौतिक वस्तूंबद्दलची, आपली भूमिका पर्यावरणाचा प्रश्न जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, मोठ्या भांडणातून ठरवली आहे. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाचा धनाढ्य जहाजमालक रोममध्ये सांगू लागला, की हे भौतिक जग बनवणारा देव कनिष्ठ. येशूचा पिता त्याहून वेगळा आणि श्रेष्ठ. इसवी सन 144 मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. नॉस्टिक पंथही थोडंफार असंच म्हणत: शरीर तुरुंग, माती मळ, मुक्ती म्हणजे इथून सुटका. साधारण 180 च्या सुमारास लियाँचा बिशप इरेनियस याने त्यांना दिलेलं उत्तर फार व्यवहारी आहे. जग जर परक्या किंवा हीन देवाचं, तर त्या जगातली भाकर आणि द्राक्षरस तुम्ही वेदीवर कशाला आणता? भाकर सृष्टीतून येते, ती ख्रिस्ताचं शरीर होते, आणि त्याच भाकरीने आपला देह पोसला जातो. म्हणून हा देहही उठवला जाणार, अशी त्याच्या युक्तिवादाची साखळी आहे. तिची पहिली कडी म्हणजे शेतात पिकलेलं धान्य.

आठव्या शतकात हा वाद पुन्हा पेटला, या वेळी मूर्तिभंजनावरून. बायझंटाइन सम्राटाने पवित्र चित्रं हटवायला सुरुवात केली, तेव्हा दमास्कसच्या योहानाने जडाची बाजू घेतली. मी जडाची पूजा करत नाही, असं तो म्हणतो. पण ज्या निर्मात्याने माझ्यासाठी जडरूप घेतलं त्याची करतो, आणि ज्या जडातून माझं तारण झालं त्याचा आदर करणं सोडणार नाही. मग तो वस्तू मोजून दाखवतो: क्रुसाचं लाकूड, कबरीचा खडक, शुभवर्तमान लिहिलेली शाई आणि कातडी, वेदी, प्याल्याचं सोनं-चांदी. 787 च्या दुसऱ्या नायसिया परिषदेत चित्रांची बाजू मान्य झाली. म्हणजे पाणी, तेल, मेण, भाकर ही कृपेची वाहनं आहेत, ही भूमिका चर्चच्या गाभ्यातली आहे. ती कुणा हौशी पर्यावरणवाद्याची कल्पना नव्हे. एवढं सगळं मान्य असलेल्या माणसाला ‘पृथ्वी एक दिवस जळूनच जायची, तिची काळजी कशाला’ असं म्हणता येत नाही. देह नश्वर आहे म्हणून आजाऱ्याला औषध नाकारावं, असं कोणतंही चर्च शिकवत नाही.

आता या तत्त्वाला शेतात उतरवू. नदीमुखालगतच्या गावांत ही लोंबी पिकते ती खाजनात. गोव्यात अशी सुमारे 18,000 हेक्टर खाजन जमीन मानली जाते, म्हणजे राज्याच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ पाच टक्के. मांडवी, जुवारी आणि त्यांच्या उपनद्यांच्या काठची ही जमीन मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे. ती शेती म्हणून टिकते ती फक्त दोन गोष्टींवर. पहिली, बांध: खाडीचा चिखल, पेंढा, बांबू-फांद्या यांचे थर आणि नदीकडच्या बाजूला जांभ्या दगडाची चढण. दुसरी, मानस: बांधात बसवलेली लाकडी झडपांची दारं. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार बंद होतं. ओहोटीला आतलं पाणी वरचढ झालं की ते आपोआप उघडतं आणि पावसाचं पाणी बाहेर जातं. जूनचे पहिले पाऊस शेतात साठवायचे, ओहोटीला सोडायचे, पुन्हा साठवायचे. असं मातीतलं मीठ धुतलं गेलं की मोड आलेलं बियाणं फोकायचं. कोरगुटसारखं खारं सोसणारं भात याच जमिनीचं. मानशीच्या आत पाण्याचा सखल साठा असतो, त्याला पोंय म्हणतात. तिथे मासळी वाढते आणि ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावून ती धरतात. त्या मासेमारीच्या लिलावाचे पैसे पूर्वी बांधाच्या दुरुस्तीला जात.

यंत्र साधं आहे, पण त्याला सुटी नाही. खेकडे बांधात बिळं करतात. दहा सेंटिमीटर व्यासाचं एक आरपार भोक घ्या आणि आत-बाहेरच्या पाण्यात एक मीटरचा फरक धरा. त्यातून सेकंदाला साधारण 20 लिटर पाणी आत येतं, म्हणजे तासाला 70,000 लिटरच्या वर. उन्हाळ्यात खाडीच्या पाण्यात लिटरमागे 30 ग्रॅम मीठ असेल, तर त्या एका बिळातून तासाला दोन टन मीठ शेतात शिरतं, आणि भरती दिवसातून दोनदा येते. शिवाय वाहतं पाणी बीळ रुंदावत जातं. भाताचं सर्वसाधारण गणित असं, की मातीच्या अर्काची विद्युतवाहकता (मीठ जास्त तितकी ती जास्त) मीटरला 3 डेसीसिमेन्सच्या वर गेली की पुढच्या प्रत्येक एककामागे उत्पादन सुमारे 12 टक्क्यांनी घटतं. 7 ला निम्मं पीक गेलेलं असतं. कोरगुट याहून जास्त सोसतं, पण त्यालाही हद्द आहे. बांध फुटून खारं पाणी मुरलं की ते धुऊन निघायला एखाद-दोन पावसाळे जातात. तोवर शेतकरी दुसऱ्या कामाला लागलेला असतो आणि बऱ्याचदा परत येत नाही.

बिघाडाची बाकी कारणं माणसांची. नदीतल्या बार्जींच्या लाटा बांधाचा पाया खरवडतात. मासळीचा ठेकेदार भरतीला दार उघडं ठेवतो, कारण जास्त पाणी आत म्हणजे जास्त कोळंबी. त्या ओढीने मानशीखालची माती निघून जाते. बांधावरच उगवलेल्या खारफुटीची मुळं भेगा पाडतात, बांधापुढची खारफुटी मात्र लाटा अडवते. म्हणजे तेच झाड दहा पावलं पुढे राखणदार आणि इथे घुसखोर. हा फरक रोपवाटपाच्या कार्यक्रमात कुणी सांगत नाही.

आणि सगळ्यात मोठं कारण: राखायचं कुणी, याचा निकालच लागलेला नाही. ही व्यवस्था पोर्तुगिजांच्या कितीतरी आधीची. 1526 च्या फोरालने, म्हणजे मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या सनदेने, गावकारीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमीनव्यवस्थेच्या, चालीरीती फक्त लेखी नोंदवल्या. बांध क्रुसाच्या आधीचा आहे, हे चर्चने मनात ठेवलेलं बरं. 16व्या शतकात देवळांच्या जमिनी चर्च आणि मिशनकडे वळवल्या गेल्या, हाही या मातीच्या धर्मशास्त्राचा भाग आहे. त्याला वगळून ‘जमीन देवाची’ म्हणणं सोयीचं, पण पोकळ. गावकारीतही सगळं गोड नव्हतं. मान आणि वाटा गावकार घराण्यांच्या पुरुषांचा, घाम दुसऱ्यांचा. 1964 च्या कूळ कायद्याने आणि 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमीन मिळाली, ते न्याय्यच झालं. 1975 च्या नियमांनी बांधाची जबाबदारी कूळ संघटनांकडे दिली. मात्र जमीन एकेकाच्या नावावर झाली आणि बांध राहिला सगळ्यांचा. बऱ्याच संघटना फक्त मानशीच्या लिलावापुरत्या जाग्या होतात. मालकी वाटून घेता येते, भरती वाटून घेता येत नाही.

इथेच मला आजच्या चर्चच्या पर्यावरणविचारातली उणीव दिसते. पोप फ्रान्सिस यांचं 2015 चं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक 246 परिच्छेदांचं आहे. धर्मग्रामांत त्यातला परिच्छेद 211 हमखास वाचला जातो: प्लास्टिक टाळा, पाणी जपून वापरा, लागेल तेवढंच शिजवा, झाडं लावा, दिवे विझवा. परिच्छेद 219 क्वचितच. तिथे पोप स्पष्ट म्हणतात, की सामाजिक प्रश्न वैयक्तिक सत्कृत्यांच्या बेरजेने सुटत नाहीत, त्यासाठी समाजाची जाळी विणावी लागतात. खाजन हे या परिच्छेदाचं जितंजागतं उदाहरण. शंभरपैकी नव्याण्णव शेतकऱ्यांनी आपापल्या समोरचा बांध चोख ठेवला आणि शंभराव्याने सोडून दिला, तर शंभर शेतं खारी होतात. इथे सद्गुण एकट्याने आचरताच येत नाही. होशेयच्या चौथ्या अध्यायात लबाडी, खून आणि चोरी माजली म्हणून भूमी शोक करते आणि समुद्रातले मासेही नाहीसे होतात, असं वर्णन आहे. वाचताना ते काव्य वाटतं. फुटलेल्या मानशीपाशी उभं राहिलं तर ती नोंद वाटते. कॉन्स्टंटिनोपलचे ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख बार्थोलोम्यू यांनी 1997 साली सांता बार्बरा इथल्या भाषणात पाणथळ जागा नष्ट करणं हे पाप आहे, असं थेट म्हटलं. मग पापाबरोबर प्रायश्चित्तही सामूहिक हवं. कबुलीच्या कोठडीत एकट्याने जाऊन हे मिटणारं नाही.

श्रद्धा असली की सृष्टी आपोआप राखली जाते, हाही एक गोड समज आहे. इथिओपियात तो तपासला गेला. तिथल्या ऑर्थोडॉक्स तेवाहेदो चर्चभोवती हजारो छोटी देवराईसारखी वनं आहेत. भोवतालचा मुलूख शेती आणि चराईने उघडा पडला, तरी चर्चभोवतीची जुनिपर, रानऑलिव्ह अशी झाडं उरली, कारण झाडांशिवाय चर्च उघडं दिसतं अशी तिथली भावना. पण आतून ही वनं म्हातारी होत होती. मोठी झाडं उभी, खाली रोपटं नाही. श्रद्धा भक्कम होती, गुरंही बिनदिक्कत आत चरत होती. अलेमायेहू वासी हे तिथले वनशास्त्रज्ञ आणि अमेरिकन परिस्थितिकीतज्ज्ञ मार्गारेट लोमन यांनी धर्मगुरूंना बरोबर घेऊन उपाय केला तो दगडी गडग्यांचा. दगड शेजारच्या शेतांतले, शेतकऱ्यांना ते तसेही उचलायचेच होते. गडगा झाला, गुरं थांबली आणि रोपटी तग धरू लागली. पावित्र्याची भावना तिथे आधीपासून होती, नव्याने आला तो गडगा.

गोव्यातल्या चर्चला असा गडगा शोधायला दूर जायची गरज नाही, तो तिच्याच पंचांगात आहे. पाश्चात्त्य चर्चमध्ये ईस्टरनंतर येणाऱ्या, येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारापूर्वीचे तीन दिवस, सोमवार ते बुधवार, शेतांभोवती प्रार्थना म्हणत फिरण्याचे होते. पाचव्या शतकात, 470 च्या आसपास, आजच्या फ्रान्समधल्या व्हिएनचा बिशप मामेर्टस याने ही चाल सुरू केली; पुढे इंग्लंडात तिचा उपयोग गावाच्या शिवेचे दगड जागेवर आहेत का, हे पाहण्यासाठीही होऊ लागला. 1969 च्या पंचांग-सुधारणेनंतर हे दिवस कसे आणि केव्हा पाळायचे, हे देशोदेशीच्या बिशपांवर सोडण्यात आलं. स्वर्गारोहण 30 एप्रिल ते 3 जून यांच्या दरम्यान येतं. म्हणजे हे तीन दिवस जवळजवळ नेहमी पावसाच्या तोंडावरचे. बांध तपासायची वेळ नेमकी हीच.

म्हणून माझं म्हणणं असं, की ऑगस्टच्या मिरवणुकीआधी मे महिन्यात एक मिरवणूक निघावी आणि ती बांधावरून जावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचा दिवस धरून दोन फेऱ्या कराव्यात. ओहोटीला नदीकडची बाजू पाहायची: निखळलेले चिरे, खचलेला पाया. ऐन भरतीला आतली बाजू: कुठे ओल आहे, कुठे पाणी झिरपतं, मानशीची दारं घट्ट बसतात का. पाणी झिरपताना गढूळ येत असेल तर बांधाची माती आतून वाहून चालली आहे, ते भोक त्याच आठवड्यात बुजवायचं. स्वच्छ येत असेल तर थोडा वेळ आहे. भोक फक्त आतून लिंपून भागत नाही, दोन्हीकडून खणून चिखल ठेचून भरावा लागतो, नाहीतर पुढच्या उधाणाला लिंपण सुटतं. विद्युतवाहकता मोजायचं खिशात मावणारं यंत्र महाग नाही. पोंयीचं, शेतातल्या चरांचं आणि लगतच्या विहिरींचं पाणी तपासून आकडे वहीत टिपायचे, दरवर्षी त्याच जागी. विहिरी यात हव्यातच. बांध गेला की मागच्या वाड्यांच्या विहिरींतही खारेपणा उतरतो, आणि 24 जूनला सांजांवला ज्या विहिरीत पोरं उड्या मारतात ती पिण्याजोगी आहे का, हा प्रश्न बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या सणाला अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, हे कृषी खात्याचं काम. बरोबर, मृदसंधारण विभाग बांध दुरुस्त करतो. पण कुठला बांध, कधी, हे मागणी कोण आणि किती नेटाने करतो यावर ठरतं. दुसरा आक्षेप निसर्गप्रेमींचा: शेती सुटलीच आहे तर खाजनाचं खारफुटीचं रान होऊ द्या, कार्बनही साठेल. ईयोबाचा 38वा अध्याय मान्य असलेल्याने हा आक्षेप झटकू नये. प्रत्येक इंचावर भातच हवं असा हट्ट नाही, आणि बांधाबाहेरची खारफुटी तर हवीच. पण सोडून दिलेल्या खाजनाचं पुढे काय होतं ते पाहावं. कायद्याने संरक्षित खारफुटी एकदा आत रुजली की शेतकऱ्याला ती काढून शेत परत मिळवणं जवळपास अशक्य होतं. आणि जिथे रस्ता जवळ आहे तिथे डेब्रिजचे ट्रक खारफुटीच्या आधी पोचतात. 2011 च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने गोव्यातल्या खाजनांचे नकाशे करायला आणि तिथे विकासकामं रोखायला सांगितलं होतं. नकाशावर खाजन असणं आणि बांधावर माणूस असणं यांत फरक आहे. तिसरा आक्षेप सर्वांत जड: भात परवडत नाही. खरं आहे, एकटं भात परवडत नाही. भात, मासळी, गोड्या विहिरी आणि पुरापासून वाचलेली घरं असा एकत्र हिशेब मांडला तर चित्र बदलतं, पण हे फायदे होतात सगळ्या गावाला आणि खर्च पडतो कसणाऱ्यावर. म्हणून पैसा गावातून यायला हवा. फेस्ताच्या रोषणाई-आतषबाजी-बँडच्या खर्चातला ठरलेला हिस्सा बांधाच्या निधीत जावा, आणि मानशीच्या लिलावाचा हिशेब चर्चच्या फलकावर लागावा.

चर्चने यात कूळ संघटनेची जागा घेऊ नये. खाजनात हिंदू शेतकरी आहेत, ख्रिस्ती आहेत, गावकार आहेत आणि बाहेरून येऊन कसणारेही आहेत. पाद्री बांधाचा मालक झाला तर 16व्या शतकाची पुनरावृत्ती होईल. त्याने आपल्या लोकांना संघटनेच्या सभेला पाठवावं, देवळाच्या महाजनांना मिरवणुकीचं आमंत्रण द्यावं, आणि चर्चच्या स्वतःच्या नावावरची शेतं पडीक नाहीत ना, हे आधी पाहावं. माणसांची वानवा मे महिन्यात तुलनेने कमी असते. मुंबईतले गोंयकार मुलाबाळांसह सुटीला आलेले असतात. मिरवणुकीत क्रुसामागे मोजपट्टी, वही आणि फोटो काढणारं कुणीतरी असलं, तर भोकांची यादी दुसऱ्या दिवशी सकाळी कूळ संघटनेच्या सहीने मामलेदाराच्या आणि कृषी खात्याच्या टेबलावर ठेवता येईल, आणि जूनचा पहिला पाऊस यायला तेव्हा अजून दोन-तीन आठवडे असतील.